सत्तावन्न अंशांचा हिशोब

भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला तळघरातली फर्नेस दिसत नाही. शिकागो, मिनियापोलिस, डेट्रॉइटकडची मराठी कुटुंबं डिसेंबरात तीन-चार आठवड्यांसाठी भारतात येतात. निघताना थर्मोस्टॅट ६० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साडेपंधरा सेल्सियसच्या आसपास, आणून ठेवतात, फोनवरचं ॲप उघडून एकदा खात्री करतात आणि विमानतळाची वाट धरतात. काही बिघडलंच तर थर्मोस्टॅट कळवेल, असा भरवसा असतो. तो कळवतोही. पण काय झालं म्हणजे कळवायचं, किती वेळ थांबून कळवायचं आणि कुणाला, हे आपणच त्याला सांगून ठेवावं लागतं. ते सांगायचं तर या यंत्राला मुळात किती कळतं, हे आधी बघायला हवं.

थर्मोस्टॅट भिंतीवरून अलगद ओढून काढला, तर मागे चार-पाच बारीक रंगीत तारा दिसतात. त्यांच्या टोकांशी आर, सी, डब्ल्यू, वाय, जी अशी अक्षरं असतात. फर्नेसमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरकडून २४ व्होल्टची वीज आर तारेवर येते. खोली ठरवलेल्या अंशाखाली गेली की थर्मोस्टॅट आर आणि डब्ल्यू आतल्या आत जोडतो आणि 'उष्णता हवी' हा निरोप तळघरात पोचतो. बस, एवढंच. निरोप मिळाला का, आग पेटली का, पेटून विझली का, यातलं काहीही खालून वर येत नाही. एकाच कंपनीच्या, एकमेकांशी बोलणाऱ्या फर्नेस-थर्मोस्टॅटच्या महागड्या जोड्या मिळतात आणि त्यांत बिघाडाचा कोड थेट पडद्यावर येतो. ज्यांच्याकडे तशी जोडी आहे त्यांचं अर्धं काम झालं. पण कितीतरी घरांत ही वाट एकेरीच आहे.

खाली मात्र पुष्कळ काही घडत असतं. निरोप आला की आधी धूर बाहेर ढकलणारा छोटा पंखा सुरू होतो. हवा खरोखरच बाहेर जाते आहे ना, हे प्रेशर स्विच बघतो. मग इग्नायटर लालभडक तापतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, भप्पकन ज्योत धरते आणि त्या ज्योतीत असलेली धातूची एक बारीक कांडी, म्हणजे फ्लेम सेन्सर, ज्योत लागल्याचं सर्किट बोर्डाला सांगते. त्यानंतर थोड्या वेळाने मोठा पंखा घरभर गरम हवा सोडू लागतो. या कांडीवर पुटं चढली की समोर ज्योत असूनही तिला ती कळत नाही आणि बोर्ड सुरक्षेसाठी गॅस तोडतो. तळघरात उभं राहिलं तर हा बिघाड नुसत्या कानांनी ओळखता येतो: पंख्याची घरघर, टिक, भप्प, आणि काही सेकंदांत सगळं चूप. पुन्हा तेच, पुन्हा तेच. काही प्रयत्न फसले की बोर्ड थांबतो आणि झाकणावरच्या लहानशा काचेतून एक दिवा लुकलुकत राहतो. किती वेळा लुकलुकला म्हणजे कोणता दोष, याचा तक्ता बहुधा त्याच झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. या वेळात वरच्या पडद्यावर काय दिसतं? 'हीटिंग चालू'. थर्मोस्टॅटने मागितलं आहे, म्हणजे त्याच्या लेखी ते मिळतंच आहे.

मग बिघाड ओळखायला त्याच्या हाती उरतं काय? दोनच गोष्टी. आपण उष्णता केव्हा मागितली, आणि त्यानंतर खोलीचं तापमान कुठे गेलं. मागणी चालू आहे आणि पारा तरी उतरतोच आहे, या विसंगतीवरून त्याने अंदाज बांधायचा. अलर्टचे जे दोन प्रकार ॲपमध्ये सापडतात ते यातूनच आलेले आहेत. एक सरळ, तापमान अमुक अंशाखाली गेलं तर कळव. दुसरा थोडा हुशार, इतका वेळ उष्णता मागूनही खोली तापली नाही तर कळव. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. बिघाड झाल्याक्षणी कुठलाच वाजत नाही, घर गार होऊ लागल्यावरच वाजतो. आणि घर गार व्हायला वेळ लागतो. म्हणून मला वाटतं, अलर्टच्या चौकटीत आपण अंश भरत असलो तरी मनात तास धरायला हवेत: अलर्ट वाजल्यापासून पाइप गोठेपर्यंत किती तास उरतात, आणि तेवढ्यात कुणीतरी त्या घरात पोचू शकतं का.

हे तास आपल्या घरापुरते मोजता येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरातला एखादा निवांत दिवस धरावा. समजा बाहेर ४० अंश आहे आणि घरात ६८. फर्नेसच्या शेजारी, पुष्कळदा लाल पट्टीचा, एक स्विच असतो. तो बंद करावा आणि तीन तासांनी तापमान बघावं. समजा ते ६६ झालं. दोनच अंश! घर चांगलं तग धरतं, असं वाटून आपण सुखावतो. पण घर गार होण्याचा वेग आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतो, हा न्यूटनचा नियम शाळेत आपण शिकलेलो असतो. त्या दिवशी फरक होता २८ अंशांचा. जानेवारीत बाहेर उणे १० फॅरनहाइट असेल, म्हणजे उणे २३ सेल्सियस, आणि घरात ६०, तर फरक ७० अंशांचा होतो, अडीचपट. म्हणजे तेच घर तीन तासांत पाचेक अंश उतरणार. जसजसं ते गार होईल तसतसा फरक कमी होऊन वेग मंदावतो, तोही हिशोबात धरला तर चित्र असं निघतं: ५७ अंशांवरून ४० अंशांवर यायला या घराला साधारण बारा तास लागतील. ४५ वरून ४० वर यायला चार तासही लागणार नाहीत.

आता 'खालची मर्यादा' या चौकटीत कोणता आकडा भरायचा, हे वेगळं सांगायला नको. पाणी ३२ अंशांना गोठतं, मग ४५ पुष्कळ झाले, असा विचार सहज मनात येतो. तो तापमानाचा विचार आहे आणि तेवढ्यापुरता बरोबरही आहे. पण मध्यरात्री वाजलेल्या अलर्टवर चार तासांत शेजारी उठून, गाडीवरचा बर्फ झटकून, किल्ली शोधून पोचेल आणि वर फर्नेसवाला येऊन दुरुस्ती करेल, हे होणारं नाही. बारा तासांत होऊ शकतं. थर्मोस्टॅट ६० वर असेल तर चांगली चालणारी फर्नेस घराला त्याच्या अंशा-दोन अंशांच्या आतच ठेवते. तीन अंशांनी घसरण सहसा काहीतरी बिघडल्याशिवाय होत नाही. म्हणून ६० ला ५७. बाहेरगावी जाताना ५५ च्या खाली ठेवू नका, असं अमेरिकन रेडक्रॉस सांगते. ५५ वर ठेवायचं असेल त्यांनी अलर्ट ५२ वर न्यावा, पण त्यात हातचे काही तास गेले, हे जाणून.

चाळीस अंशांची रेघ मी का धरली, तेही सांगायला हवं. थर्मोस्टॅट बहुधा घराच्या मधल्या भिंतीवर, हॉलमध्ये किंवा बोळात असतो. घरातली उबदार जागा ती. पाण्याचे पाइप मात्र गॅरेजवरच्या खोलीत, माळ्यावर, उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीत, किचनच्या सिंकमागे. हॉलमध्ये ४० असताना सिंकमागच्या पोकळीत ३२ असू शकतं. इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासकांनी उघड्या माळ्यावरच्या, वेष्टण नसलेल्या पाइपांचे प्रयोग केले होते. बाहेर २० अंश फॅरनहाइट झालं की गोठण्याचा धोका सुरू होतो, असं त्यांना दिसलं. तेव्हा ज्यांच्या थर्मोस्टॅटबरोबर वेगळे छोटे सेन्सर मिळतात त्यांनी त्यांतला एक सिंकखालच्या कपाटात ठेवावा. त्यात एक मेख आहे. पुष्कळ थर्मोस्टॅट सगळ्या सेन्सरांची सरासरी काढतात. झोपायची खोली ६२, सिंकखाली ३८, सरासरी ५०. धोका कुठे आहे ते त्या ५० मध्ये दिसत नाही. त्या एका सेन्सरपुरता वेगळा अलर्ट लावता येतो का, हे सेटिंगमध्ये शोधावं, आणि येत नसेल तर निघताना सिंकखालच्या कपाटाची दारं सताड उघडी ठेवावीत.

दुसऱ्या प्रकारच्या, हुशार अलर्टची अडचण वेगळी आहे. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ उणे ३१ सेल्सियसपर्यंत उतरला होता. फर्नेसचा आकार निवडताना त्या भागातल्या नेहमीच्या कडक थंडीचा अंदाज धरतात, शतकातल्या एखाद्या रात्रीचा धरत नाहीत. अशा दिवशी ठणठणीत फर्नेसही अखंड चालून घराला जेमतेम सावरते, आणि 'इतका वेळ चालूनही खोली तापली नाही' हा अलर्ट वाजू शकतो. रोजच्या जीवनातही तो उगाच वाजतो: रात्री ६२, सकाळी सहाला ६८ असं वेळापत्रक असेल तर पहाटे सहा अंश चढायला तासन् तास लागतात. आपण घरात असताना असे खोटे अलर्ट चार दिवस आले की पाचव्या दिवशी माणूस ते बंदच करून टाकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. घर रिकामं असताना याला सोपा उपाय आहे. वेळापत्रक थांबवून एकच तापमान कायम धरून ठेवायचं. मागणीत चढउतार नसला की घसरणीला बिघाड किंवा भयंकर थंडी हे दोनच अर्थ उरतात, आणि हवामान तर पुण्यात बसूनही बघता येतं.

इथे थोडं मागे जावंसं वाटतं. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावच्या नॉर्मल स्कूलमध्ये वॉरन जॉन्सन शिकवत असत. शाळेचा शिपाई वर्गावर्गात येऊन तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमीजास्त करायचा. जॉन्सन यांनी विजेवर चालणारं एक उपकरण केलं आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. खोलीचं तापमान बदललं की त्याने तळघरात घंटा वाजायची, आणि ती ऐकून शिपाई झडप फिरवायचा. विजेचा खोली-थर्मोस्टॅट जन्माला आला तो असा, माणसाला हाक मारणारा. दोन-तीन वर्षांतच मिनियापोलिसमध्ये आल्बर्ट बुट्झ यांनी झडप आपोआप उघडणारी यंत्रणा बनवली. पुढे हनीवेल झालेल्या कंपनीचं मूळ तिथे आहे. माणसाची तळघरातली खेप वाचली, आणि ती सुटका फार मोठी होती. पण तो शिपाई झडप उघडायला गेल्यावर निखारे विझलेत हेही बघायचा, काजळीचा वास घ्यायचा, कुठून खडखड येते ते ऐकायचा. हे काम कुणाकडेच उरलं नाही. बिघाडाचा अलर्ट लावताना आपण तीच जुनी घंटा परत जोडत असतो. फक्त आता ती सात समुद्रांपलीकडे वाजते आणि तळघर रिकामं असतं.

नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया अशा सौम्य थंडीच्या राज्यांत आणखी एक गुंता आहे. तिथे पुष्कळ घरांत फर्नेसऐवजी हीट पंप असतो, म्हणजे उलटा चालणारा एसी. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून तो घरात आणतो. त्याला मदतनीस म्हणून विजेच्या तापणाऱ्या पट्ट्या दिलेल्या असतात, त्यांना ऑक्झिलरी हीट म्हणतात. हीट पंपाचा कॉम्प्रेसर बसला तर या पट्ट्या मुकाट्याने सगळं काम अंगावर घेतात. घर ६० चं ६० राहतं, ५७ चा अलर्ट कधीच वाजत नाही आणि मीटर मात्र धावत सुटतो. १० किलोवॉटच्या पट्ट्या दिवसातून १२ तास चालल्या तर १२० युनिट झाले. महावितरणच्या घरगुती बिलातला पहिला टप्पा महिन्याला १०० युनिटांचा आहे, त्यावरून याची कल्पना यावी. इथे तापमानाचा पहारा कामाचा नाही. ऑक्झिलरी किती वेळ चालली, याचा अलर्ट लावावा लागतो, आणि त्याला बाहेरच्या तापमानाची जोड द्यावी लागते. बाहेर १५ अंश असताना पट्ट्या तासभर चालल्या तर त्यात नवल नाही. बाहेर ४५ असताना तासभर चालल्या तर कॉम्प्रेसरची चौकशी करायलाच हवी. बाहेरच्या युनिटवरचं दहिवर वितळवताना त्या काही मिनिटं लागतात, म्हणून ही मुदत मिनिटांची न ठेवता तासाभराची ठेवावी.

या सगळ्यात गृहीत काय आहे? थर्मोस्टॅट जिवंत आहे. २०१६ च्या जानेवारीत नेस्ट थर्मोस्टॅटच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या दोषामुळे बॅटऱ्या उतरल्या, उपकरणं बंद पडली आणि ऐन थंडीत लोकांची घरं गार झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये बर्फाच्या वादळात ४० लाखांहून अधिक घरं-दुकानांची वीज गेली. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमधल्या मराठी घरांनीही ते दिवस काढले आहेत. वीज गेली की फर्नेस बंद, वायफाय बंद, थर्मोस्टॅटचा आवाज बंद, तिन्ही एकदम. अलर्ट येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हा अर्थ आपण नकळत काढतो, आणि सर्वांत मोठा बिघाड नेमका त्या शांततेत घडतो. त्यामुळे 'थर्मोस्टॅट संपर्कात नाही' असं कंपनीच्या सर्व्हरकडून कळवणारा अलर्ट असेल तर तो आधी चालू करावा. माझ्या मते सगळ्या यादीत तो पहिल्या क्रमांकाचा. बरेच जण तो बंद करतात, कारण राउटर मधूनच रुसतो आणि उगाच ईमेल येतात. त्यावर उपाय राउटर आणि मोडेम छोट्या यूपीएसवर टाकण्याचा आहे. बॅटरी आणि मोबाइल सिमवर चालणारं वेगळं तापमान-यंत्रही मिळतं. महिनाभर घर सोडणाऱ्याने तो खर्च करावा, असं मी आग्रहाने म्हणेन.

आता निरोप कुणाला, हा प्रश्न. शिकागोत रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा पुण्यात दुपारचा दीड वाजलेला असतो. फोन लग्नाच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी पिशवीत, आवाज बंद करून पडलेला. अमेरिकन नंबर भारतात चालत नसला तर एसएमएस येतच नाही, आणि ॲपने पुन्हा लॉगिन मागितलं तर त्याचा कोडही त्याच नंबरवर जातो. म्हणून निघण्यापूर्वी अलर्ट ईमेलवरही येईल असं करावं, फोनच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मधून त्या ॲपला मोकळीक द्यावी, आणि शक्य असेल तर शेजाऱ्याचा पत्ता थेट अलर्टच्या यादीत घालावा, म्हणजे आपल्या झोपेतून जाणारा वेळ वाचतो. मग घरी असतानाच, त्या निवांत दिवशी, फर्नेसचा स्विच बंद केलेला असताना अलर्टची मर्यादा क्षणभर ६७ वर आणून बघावी, निरोप खरंच दोघांच्या फोनवर पडतो का. न पडलेला अलर्ट कोल्हापुरात बसून दुरुस्त होत नाही.

शेजारी बहुधा मदतीला तयार असतो. त्याला करायचं काय, हे माहीत नसतं. पुष्कळ बिघाड त्याच्या आवाक्यातले असतात. घराबाहेर निघालेले फर्नेसचे पांढरे पाइप बर्फात गाडले गेले की प्रेशर स्विच आग लागू देत नाही. फावड्याने बर्फ बाजूला केला की काम सुरू. फिल्टर गच्च झालेला असतो, फर्नेसचं झाकण नीट बसलेलं नसतं, पॅनेलमधला ब्रेकर पडलेला असतो. दिवा किती वेळा लुकलुकतो हे त्याने मोजून फर्नेसवाल्याला फोनवर सांगितलं, तर तो योग्य सुटा भाग घेऊनच येतो. हे सगळं लिहून द्यावं, फर्नेसवाल्याच्या नंबरासह. पण त्या कागदावर पहिली ओळ पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हची असावी: तळघरात कुठे आहे, कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो, एक फोटो. पाइप सहसा फुटतो तो बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून घरातले नळ उघडे सोडले की तो दाब निघून जातो. कुठे फुटलंच तरी पाइपात असलेलं तेवढंच पाणी सांडतं, तळघराचं तळं होत नाही. अनेक विमा पॉलिसींतही घर रिकामं ठेवताना ते उबदार तरी ठेवा किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करा, अशी अट असते. ती निघण्याआधी वाचून घ्यावी. घर गरम पाण्याच्या रेडिएटरांवर चालत असेल किंवा आगीसाठी स्प्रिंकलर बसवलेले असतील, तर त्यांचं पाणी तोडायचं नाही, हेही त्याच कागदावर ठळक लिहावं. बाकीच्यांनी मात्र तो व्हॉल्व्ह निघतानाच बंद करून जायला हरकत नाही. मग ५७ वर वाजलेल्या अलर्टनंतर शेजाऱ्याच्या हातात बारा तासांहून बरेच जास्त तास असतात.